एका अणूचा फरक

औषध आपल्या लक्ष्याला 'चिकटतं' म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक वेळा तिथे पक्की गाठ बसतच नाही. असतात ते हायड्रोजन बंधांसारखे दुबळे धागे. एकेकटा सहज सुटतो. चार-पाच एकत्र आले की पकड बसते. ही पकड किती नाजूक असते, हे व्हॅन्कोमायसिनच्या इतिहासात दिसतं.

१९५० च्या दशकात बोर्निओच्या जंगलातली माती एका मिशनऱ्याने अमेरिकेत, एली लिली कंपनीतल्या एडमंड कॉर्नफेल्ड यांच्याकडे पाठवली. त्या मातीतल्या जिवाणूपासून हे प्रतिजैविक मिळालं. सुरुवातीला ते इतकं गढूळ असायचं, की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत. १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला, म्हणजे एन्झाइमला, अडवतं. व्हॅन्कोमायसिन थेट विटेलाच धरतं. या विटेच्या शेपटाला दोन डी-ॲलानिन असतात. औषध ते शेपूट पाच हायड्रोजन बंधांनी पकडतं आणि बांधकाम थांबतं. गवंडी बदलता येईल, पण वीट कशी बदलणार? म्हणूनच जवळपास तीस वर्षं हे औषध भरवशाचं राहिलं.

१९८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधून त्याला दाद न देणाऱ्या एन्टरोकोकस जिवाणूंची नोंद झाली. त्यांनी वीटच बदलली होती! शेवटच्या ॲलानिनच्या जागी लॅक्टेट, म्हणजे नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन. पाचातला एक बंध गेला आणि पकड सुमारे १००० पटींनी ढिली झाली.

एका बंधाने एवढा फरक? २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत डेल बोगर यांच्या गटाने हा हिशेब मांडला. बंध गेल्याचा वाटा जेमतेम १० पट निघाला. उरलेला १०० पटींचा फरक समोरासमोर आलेले दोन ऑक्सिजन एकमेकांना दूर ढकलतात म्हणून पडतो. मग उपायही तिथेच होता. २०११ मध्ये त्यांनी औषधातला तोच ऑक्सिजन काढून नायट्रोजन बसवला, आणि नवा रेणू जुनी-नवी दोन्ही शेपटं धरू लागला. रुग्णांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही.

त्याच वर्षी कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीत हीच वीट बदलणारी जनुकं सापडली. म्हणजे ही युक्ती जिवाणू आपल्याकडून शिकले नाहीत. ती माणसाच्या औषधांहून फार जुनी आहे. आपण प्रतिजैविकं उगाच वापरतो, तेव्हा ती युक्ती येणाऱ्यांनाच तेवढी जागा मोकळी करून देतो.