एलईडी ड्रायव्हर

प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाचे एलईडीला लागणाऱ्या नियंत्रित एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे मंडल. भारतभर घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. पांढऱ्या एलईडीला मात्र सुमारे ३ व्होल्ट पुरतात आणि दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो; म्हणून प्रवाहावरच नियंत्रण ठेवावे लागते.

चार डायोडांचा एकदिशकारक प्रवाह एकाच दिशेने वळवतो आणि कपॅसिटर त्यातील चढउतार कमी करतो. तो अपुरा असल्यास दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. स्वस्त दिव्यांत एकसरीत जोडलेला कपॅसिटरच प्रवाह मर्यादित करतो. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ७० मिलिअँपिअर जाऊ देतो. असे मंडल मुख्य वाहिनीपासून विलग नसते. चालू दिवा उघडून हात लावल्यास जिवावर बेतू शकते. चांगल्या दिव्यांतील उच्च वारंवारतेचे स्विचिंग मंडल दाब कमीजास्त झाला तरी प्रकाश सारखा ठेवते.

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या, पुढे ‘उजाला’ म्हणून ओळखल्या गेलेल्या केंद्राच्या योजनेने एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले. मराठवाड्यातील उन्हाळ्यासारख्या उष्णतेत विद्युत्-अपघटनी कपॅसिटर लवकर सुकतो; त्यामुळे बंद पडलेल्या दिव्यात पुष्कळदा एलईडी शाबूत आणि ड्रायव्हर निकामी आढळतो.