दहावीचे वाढीव गुण : कोणाच्या पदरात पडतात, कोणाच्या नाही?

परीक्षेत लिहिलेल्या उत्तरांच्या पलीकडे, वेगळ्या कामगिरीसाठी विद्यार्थ्याला जे गुण दिले जातात त्यांना वाढीव किंवा अतिरिक्त गुण म्हणतात. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ही गोष्ट बहुतेक वेळा वर्गशिक्षकाच्या हातात असते. एखादा जादा निबंध लिहा, प्रकल्प करा, चार गुण घ्या. महाराष्ट्रात दहावीच्या पातळीवर शिक्षकाला असा अधिकार नाही. इथे वाढीव गुण शासन निर्णयाने ठरतात आणि मंडळ ते गुणपत्रिकेत मिळवते. त्यामुळे 'शिक्षकांनी असे गुण द्यावेत का' हा जगभर चालणारा वाद आपल्याकडे 'शासनाने ते कशासाठी द्यावेत' असा होतो. गोंदियासारख्या जिल्ह्यातून पाहिले तर त्याला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो : ते मिळवण्याची सोय गावात आहे का?

गुण कशाचे आणि किती?

खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार, जास्तीत जास्त 25 गुण मिळतात. कलेच्या गुणांची रचना 2017 मध्ये ठरली. सुरुवातीला शासकीय रेखाकला परीक्षेतील अ, ब, क श्रेणीला अनुक्रमे 15, 10 आणि 5 गुण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते 7, 5 आणि 3 असे खाली आणले गेले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झाल्यास 10 गुण, पाच झाल्यास 15. लोककलेसाठी 25 प्रयोगांना 5 आणि 50 प्रयोगांना 10 गुण.

आकडे किरकोळ वाटतात, पण हिशेब करून पाहावा. दहावीची टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे 500 पैकी काढतात. चित्रकलेचे 7 गुण म्हणजे 1.4 टक्के. खेळाचे पूर्ण 25 गुण म्हणजे थेट 5 टक्के. मात्र बेरीज 500 च्या पुढे जात नाही. दरवर्षी निकालाच्या दिवशी गाजणारे 'शंभर टक्के' पुष्कळदा असेच जमतात : लेखी परीक्षेत चार-सहा गुण गेलेले असतात आणि कला-क्रीडेचे गुण ती जागा भरून काढतात. 2018 मध्ये राज्यात 125 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यातले 70 एकट्या लातूर विभागातले. 2025 मध्ये ही संख्या 211 होती आणि त्यात लातूरचे 113. लातूरची मुले हुशार आहेतच. पण इतक्या मुलांना एकाच विभागात शंभर टक्के मिळतात तेव्हा मुलांइतकेच तिथल्या शाळांचेही कसब त्यात असते. कोणता गुण कुठून मिळतो आणि त्याची तयारी कोणत्या इयत्तेपासून करायची, हे ज्या शाळेला पक्के ठाऊक आहे तिचे विद्यार्थी पुढे जातात.

दंडारीचे पंचवीस प्रयोग

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. हा सगळा भाग झाडीपट्टीचा. भाऊबीजेपासून इथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाटक रंगते. लोककलेला गुण द्यायचे ठरले तर सर्वांत आधी ते याच पट्ट्यातल्या मुलांना मिळायला हवेत, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात अट आहे प्रयोगांची, आणि त्यांचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचे लागते. गावातली दंडार ही संस्था नसते. पाटलाच्या वाड्यासमोर किंवा चौकात, बापाने शिकवलेले मुलाने करायचे, असा तिचा कारभार. नोंदणी नाही, शिक्का नाही, प्रयोगांची वहीही नाही. ज्या पोराला ढोलकीचा ठेका झोपेतही चुकणार नाही, त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. शिवाय झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा. म्हणजे दहावीचा अभ्यास ऐन भरात असतो तेव्हाच रात्री जागायच्या. आधीच्या इयत्तांपासून प्रयोग मोजत आणले तरच पंचवीसचा आकडा गाठता येईल. मुलींची अडचण आणखी वेगळी. दंडारीत परंपरेने स्त्रीपात्रेही पुरुषच करत आले आहेत. तेव्हा गावची कला दारात असूनही मुलीला तिचे गुण मिळणे अवघडच.

चित्रकलेची वाट त्या मानाने सरळ आहे. एलिमेंटरी आणि त्यानंतर इंटरमिजिएट, अशा कला संचालनालयाच्या दोन परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यातले विषय. कोणी शिकवणारे असेल तर सामान्य हाताच्या मुलालाही श्रेणी मिळू शकते. पण शिकवणारे कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, तेही पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळांसाठी. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्टीच्या तालुक्यांतल्या छोट्या शाळा शंभराच्या आतच अडकतात. तिथे पेपर तपासणारे, पोषण आहाराची नोंद ठेवणारे आणि कवायत घेणारे गुरुजी एकच असतात.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांमधल्या अभ्यासांतही असेच काहीसे दिसले आहे. जादा गुणांची संधी वर्गातल्या सर्वांना दिली तरी ती उचलतात ती बहुधा आधीच पुढे असलेली मुले. ज्यांना आधार हवा असतो ती मागे राहतात. तिथे निदान संधी सर्वांसमोर ठेवलेली असते. इथे तीच गावागणिक बदलते.

शिक्षकाच्या हातातले वीस गुण

शिक्षकाच्या हातात काहीच नाही, असेही नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी वा अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळाच देते. हे गुण खिरापतीसारखे वाटले जातात, अशी ओरड झाल्याने मार्च 2019 च्या परीक्षेत ते काढून टाकले आणि या विषयांचा पूर्ण शंभर गुणांचा लेखी पेपर झाला. राज्याचा निकाल 2018 च्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. सर्वांत खाली होता गोंदिया ज्यात येतो तो नागपूर विभाग : 67.27 टक्के. पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला.

या घसरणीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला गेला. गुण फुकट मिळत होते हे सिद्ध झाले, असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, ज्या मुलाच्या घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलतात त्याला प्रमाण मराठीत लिहिताना अडते, पण तोंडी विचारले तर तो नीट सांगतो, आणि ते मोजण्याची एकमेव जागा हीच होती. दुसऱ्या बाजूत अधिक तथ्य आहे, पण एका अटीवर : तोंडी परीक्षा खरोखर घेतली गेली पाहिजे. सरसकट अठरा-एकोणीस लिहून टाकले तर सांगणारा आणि न सांगणारा सारखेच ठरतात.

वीस गुण आणि कलेचे सात गुण यांच्यातला फरकही इथेच आहे. तोंडी परीक्षा त्याच विषयाचे ज्ञान दुसऱ्या रीतीने तपासते आणि वर्गातल्या प्रत्येकाला द्यावी लागते. चित्रकलेची श्रेणी मात्र गणित-विज्ञानाच्या बेरजेत मिसळते. टक्केवारी पाहणाऱ्याला त्यातले किती गणिताचे आणि किती रंगपेटीचे, हे कळत नाही. कलेचा आणि खेळाचा मान ठेवायचा तर त्यांची नोंद गुणपत्रिकेवर स्वतंत्र असणे अधिक सरळ. खेळाडूंसाठी प्रवेशात राखीव जागा असतातच. पण शाळांमध्ये आज कलेला जी काही किंमत आहे ती पुष्कळशी या सात गुणांमुळे आहे, हा कलाशिक्षकांचा मुद्दाही खोडून काढता येत नाही.

गोंदियात या टक्क्या-दीड टक्क्याला अलीकडे वजन आले आहे. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरी क्षेत्रांपुरती होती. 2025-26 पासून ती राज्यभर लागू झाली आणि देवरीच्या मुलाचे नावही गुणवत्ता यादीतच लागू लागले. तंत्रनिकेतनाच्या पदविका प्रवेशातही दहावीचेच गुण धरतात. मागणी कमी असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात याने काही बिघडत नाही. शहरातल्या नावाजलेल्या विज्ञान शाखेच्या शेवटच्या दहा जागांवर मात्र बिघडते.

हे गुण आपोआप मिळत नाहीत. कलेचा प्रस्ताव प्रमाणपत्रांसह शाळेने नागपूर विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो, खेळाचा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत जातो, आणि दोन्हींना मुदत असते. चित्रकलेसाठी दहावीपर्यंत थांबून चालत नाही. दोन परीक्षा द्यायच्या तर सातवी-आठवीतच एलिमेंटरीचा अर्ज भरलेला बरा.