प्रेरणेची पारख

पूर्णा जंक्शनात अकोल्याची व परभणीची गाडी कोणती, हे येथील लहान मूलही सांगेल. मनात आलेला विचार आपणांस कोठे नेईल, हे ओळखण्यास मात्र त्यास कोणी शिकवावे?

ही विद्या रुग्णशय्येवर जन्मली. इ. स. १५२१ मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडून संत इग्नेशियस लोयोला घरी पडून होते. त्यांस शौर्यकथा हव्या होत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे. पराक्रमाची स्वप्ने तेवढ्यापुरती गोड वाटत, मागाहून मन कोरडे पडे. संतांप्रमाणे वागावे हा विचार ओसरला तरी आनंद टिके. ह्या भेदावरून त्यांनी प्रेरणा पारखण्याचे नियम बांधले, व ते ज्यात आहेत त्या ग्रंथास १५४८ साली पोपमहाशयांची मान्यता मिळाली.

त्यांच्याच येशूसंघाचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. राशोल येथे १६१६ साली छापलेल्या त्यांच्या मराठी ख्रिस्तपुराणाचा आरंभ एका ब्राह्मणाच्या प्रश्नाने होतो: जुनी पुराणे सुटली, आता वाचावे काय? फादरांनी तो प्रश्न दडपला नाही, त्यावर पुराण रचिले. आम्ही मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तरे पाठ करवितो आणि प्रश्न करणाऱ्या पोरास उद्धट म्हणून खाली बसवितो! येत्या रविवारी निदान एवढे तरी विचारावे: बाळ, तो विचार गेल्यावर मागे काय उरले?