माउस (संगणकाचे निर्देशन साधन)

माउस : संगणकाच्या दृश्यपटलावरील दर्शक हवा तेथे नेण्यासाठी व तेथील चिन्ह, शब्द अथवा आज्ञा निवडण्यासाठी वापरण्यात येणारी, तळहाताखाली मावणारी आदान प्रयुक्ती. सपाट पृष्ठावर ती ज्या दिशेने व जितकी सरकवावी त्या प्रमाणात दर्शक सरकतो आणि तिच्यावरील कळ दाबली की निवड होते. लहान गोलसर आकार व शेपटीसारखी तार यांमुळे तिला इंग्रजीत ‘उंदीर’ या अर्थाचे नाव मिळाले. मराठीत ‘मूषक’ असा पर्याय योजण्यात आला, तरी व्यवहारात ‘माउस’ हाच शब्द रूढ झाला व त्याबरोबर ‘क्लिक करणे’ हा शब्दप्रयोगही भाषेत स्थिरावला. माउसच्या रचनेत गेल्या सहा दशकांत अनेक बदल झाले. त्यांपैकी कोणतीही एक रचना सर्वांसाठी उत्तम ठरलेली नाही. वापरणाऱ्याचा सराव, त्याचा हात, मेजाचे पृष्ठ आणि भोवतालची हवा यांवर प्रत्येक रचनेची उपयुक्तता अवलंबून राहिली आहे.

प्रारंभ : माउसच्या आधी गोल फिरवून दर्शक हलविण्याची प्रयुक्ती अस्तित्वात आली होती. ब्रिटिश नौदलासाठी काम करणारे राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये अशी रचना कल्पिली. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास तयार झालेल्या दातार या प्रणालीत त्यासाठी खेळातील मोठा चेंडूच वापरला होता. या प्रकारात प्रयुक्ती जागच्या जागी राहते व बोटांनी फक्त गोल फिरविला जातो.

संपूर्ण प्रयुक्तीच मेजावर सरकविण्याची कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबर्ट यांनी मांडली व त्यांचे सहकारी विल्यम इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना तयार केला. हा नमुना लाकडी पेटीचा असून तिच्या तळाशी परस्परांशी काटकोन करणारी दोन धातूची चाके होती. एक चाक आडवी व दुसरे उभी हालचाल मोजीत असे. तिच्यावर एकच कळ होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे एंगलबर्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्या वेळच्या माउसवर तीन कळी होत्या. १७ नोव्हेंबर १९७० रोजी या शोधाचे अमेरिकन एकस्व त्यांना मिळाले.

पहिल्या तुलना : हे साधन इतर साधनांशी तुलना करूनच स्वीकारले गेले. इंग्लिश, एंगलबर्ट व त्यांचे सहकारी यांनी प्रकाशलेखणी, दांडीचे नियंत्रक, गुडघ्याने चालवावयाची प्रयुक्ती व माउस यांवर प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. सराव असलेल्या व्यक्तींच्या हाती माउस अधिक वेगवान ठरला व त्यांच्या चुकाही कमी झाल्या. नवख्या व्यक्तींना मात्र प्रकाशलेखणी व गुडघ्याची प्रयुक्ती यांनी काम अधिक लवकर करता आले. माउसमध्ये हात मेजावर व नजर पटलावर असते. या दोहोंचा मेळ सरावानेच बसतो, हे त्याचे कारण होय.

स्ट्यूअर्ट कार्ड, इंग्लिश व बर यांनी झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात केलेली तुलना १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही माउस सर्वांत जलद ठरला. लक्ष्य जितके दूर व लहान तितका त्यापर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो, असा नियम पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला होता. माउसची हालचाल या नियमाला धरून होते, असे या प्रयोगात आढळले. त्यामुळे पटलावरील चिन्हांचा आकार व त्यांतील अंतर ठरविण्यास शास्त्रीय आधार मिळाला.

गोलकाचा माउस : दोन चाकांच्या रचनेत तिरप्या हालचालीच्या वेळी चाके घसटत. पश्चिम जर्मनीतील टेलेफुंकन कंपनीने १९६८ मध्ये गोलकाचा माउस पुढे आणला. इंग्लिश यांनीही झेरॉक्समध्ये गेल्यावर याच तत्त्वाचा माउस तयार केला. या रचनेत तळाशी असलेला गोलक मेजावर फिरतो व त्याला टेकलेले दोन रूळ त्याची गती घेतात. रुळांना जोडलेल्या छिद्रयुक्त चकत्या प्रकाशकिरणांना आलटून पालटून अडवितात आणि निर्माण झालेले विद्युत् स्पंद मोजून संगणक अंतर व दिशा ठरवितो. झेरॉक्सचा आल्टो (१९७३) व स्टार (१९८१), ॲपलचा लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांबरोबर माउस प्रयोगशाळेतून कार्यालयांत व घरांत आला. ॲपलच्या माउसमध्ये गोलक सैल ठेवलेला असून तो काढून स्वच्छ करता येत असे. त्यामुळे रचना सुटसुटीत व स्वस्त झाली. स्वित्झर्लंडमधील लॉजिटेक (स्थापना १९८१) व अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट (पहिला माउस १९८३) या कंपन्यांनी त्याचा व्यापारी प्रसार केला.

स्वस्तपणा व कोणत्याही साध्या मेजावर चालणे हे या माउसचे गुण होत. गोलकाला चिकटलेली धूळ रुळांवर जमून दर्शक अडखळू लागणे हा त्याचा मुख्य दोष होय.

प्रकाशीय माउस : फिरणारे भाग टाळण्याचे प्रयत्न १९८० च्या सुमारास स्टीव्हन किर्श व झेरॉक्सचे रिचर्ड लायन यांनी स्वतंत्रपणे केले. किर्श यांच्या माउसला रेषांची जाळी आखलेली धातूची पाटी व लायन यांच्या माउसला ठिपक्यांचा आकृतिबंध असलेले पृष्ठ लागे. ती विशिष्ट पाटी नसेल तर माउस निरुपयोगी ठरत असल्याने त्यांचा प्रसार मर्यादित राहिला.

मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या प्रकाशीय माउसने ही अडचण दूर केली. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचा लाल प्रकाश पृष्ठावर तिरपा पडतो, सूक्ष्म संवेदक पृष्ठाची सेकंदाला १,५०० चित्रे घेतो व लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून हालचाल काढली जाते. कागद, लाकूड व कापड यांच्या पृष्ठांवरील सूक्ष्म उंचसखलपणा यास पुरेसा होतो. काच व आरसा यांवर मात्र हा माउस नीट चालत नाही. लॉजिटेकने २००४ मध्ये लेसर किरण वापरणारा माउस आणला. तो चकचकीत पृष्ठांवर अधिक चांगला चालतो.

कळी, चक्र व आकार : आल्टोच्या माउसला तीन, स्टारच्या माउसला दोन व लिसाच्या माउसला एक कळ होती. एक कळ असल्यास नवख्याचा गोंधळ होत नाही, परंतु एकाच कळीवर अधिक कामे सोपविण्यासाठी ती लागोपाठ दोनदा दाबण्याची पद्धत आणावी लागली. अनेकांना, विशेषतः वृद्धांना, हीच क्रिया कठीण जाते. दोन कळींचा माउस पुढे सर्वसाधारण ठरला. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ मधील माउसमुळे कळींच्या मधील चक्र लोकप्रिय झाले व लांब मजकूर वरखाली सरकविणे सोपे झाले.

ॲपलने १९९८ मध्ये आणलेला वर्तुळाकार माउस दिसण्यास आकर्षक असला, तरी हाताच्या स्पर्शाने त्याची पुढची बाजू कळत नसल्याने त्यावर टीका झाली. उजव्या हाताच्या वळणानुसार घडविलेला माउस त्या हातास सुखकर, पण डावखुऱ्यास निरुपयोगी असतो. सममित माउस दोन्ही हातांनी चालतो व त्याच्या कळींची कामे आज्ञावलीने अदलाबदल करता येतात. मनगट पिळले जाऊ नये म्हणून हस्तांदोलनाच्या स्थितीत धरावयाचे उभे माउसही निघाले आहेत. लॉजिटेकने १९९१ मध्ये रेडिओ तरंगांवर चालणारा बिनतारी माउस आणला. तारेचा अडथळा त्यात नसला, तरी विद्युत् घट बदलणे अथवा भारित करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील प्रसार : मराठी वापरणाऱ्यास माउसचा एक विशेष उपयोग झाला. देवनागरी टंकलेखनासाठी जुन्या टंकलेखन यंत्राची व १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट अशा भिन्न कळफलक-रचना प्रचारात होत्या व त्या शिकाव्या लागत. माउसला लिपी नसल्याने चिन्ह ओळखून काम करणे शक्य झाले. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेल्या आयबॉल या व्यापारचिन्हाखाली अल्प किंमतीचे माउस देशभर विकले गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणकाचे शिक्षण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. त्याचे अथवा समकक्ष प्रमाणपत्र अनेक शासकीय पदांसाठी आवश्यक ठरल्याने, ज्यांच्या घरी संगणक नव्हता अशा असंख्य व्यक्तींनी माउस प्रथम प्रशिक्षणकेंद्रात हाती धरला.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके अशा प्रदेशाचे उदाहरण होत. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या भागाच्या जवळच, महाडच्या उत्तरेस मुंबई–गोवा महामार्गावरील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. डोंगरवस्त्यांतील बहुसंख्य लोकांचा संगणकाशी येणारा संबंध मात्र उतारे व दाखले यांच्या निमित्ताने येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून आंतरजालावर मिळू लागला. तो स्वतः काढू न शकणाऱ्यास सेवा केंद्रातील चालकावर अवलंबून राहावे लागते. नवख्यास माउस कठीण जातो, हा १९६७ मधील निष्कर्ष येथे व्यवहारात महत्त्वाचा ठरतो.

या भागात वर्षाला सु. ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कळीखालील स्विचची संपर्क-पृष्ठे गंजण्याचा संभव वाढतो. तसे झाल्यास एकदा दाबलेली कळ दोनदा दाबल्यासारखी वागते. प्रकाशीय संवेदकामुळे धुळीचा दोष गेला, तरी हा दोष राहिला. कळीतही प्रकाशकिरण वापरणारे माउस त्यावरील उपाय असले, तरी ते महाग असतात. अनेकांच्या हाती जाणाऱ्या सामायिक संगणकास सममित आकाराचा, तारेचा, दोन कळी व चक्र असलेला साधा प्रकाशीय माउस सोयीचा ठरतो. तो दोन्ही हातांनी चालतो, त्यास विद्युत् घट लागत नाही व बिघडल्यास थोड्या खर्चात बदलता येतो.

सद्यःस्थिती : सुवाह्य संगणकांतील स्पर्शपट्टी व मोबाइल दूरध्वनीचा स्पर्शसंवेदी पडदा यांमुळे माउसचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. पडद्यावरील चिन्हास थेट बोट लावता येत असल्याने नवख्याची मूळ अडचण स्पर्शपडद्याने बरीच दूर केली. आराखडे काढणे, पुस्तकाची पाने जुळविणे, हिशेबाचे तक्ते भरणे यांसारख्या अचूकतेच्या व दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत मात्र माउसच अधिक उपयुक्त ठरतो. बोटाच्या टोकाने लहान लक्ष्य झाकले जाते, तसे माउसच्या दर्शकाने होत नाही आणि हात मेजावर टेकलेला असल्याने तो कमी थकतो.