तळ्यातले सहवासी मासे : वावर आणि आहार (चंद्रपूर व गडचिरोली)

एकाच तळ्यात किंवा डोहात राहणाऱ्या निरनिराळ्या माशांचे खाणे, खाण्याची वेळ, पाण्यातला थर आणि हंगामी ये-जा यांतील फरक. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत तो माजी मालगुजारी तलावांत (मामा तलाव), गावोगावच्या बोड्यांत (लहान तळ्यांत) आणि वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या डोहांत पाहायला मिळतो.

मामा तलावांपैकी बरेचसे गोंड राजवटीत धानशेतीसाठी बांधले गेले. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव आधी घेतले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि नावामागे ‘माजी’ लागले. उतारावर आडवी पाळ घालून पाणी अडवलेले असल्याने खोली पाळीलगतच असते. बाकीच्या बाजू उथळ, वनस्पतींनी भरलेल्या आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या. वरून पाण्याचा पत्रा एकसारखा दिसला, तरी माशांच्या लेखी त्यात तीन-चार वेगळी ठिकाणे असतात.

थरांची वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते ती बीज सोडून वाढवलेल्या कटला, रोहू आणि मृगळ या तिघांत. कटल्याचा जबडा वर वळलेला. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे; तो मधल्या थरात सूक्ष्म वनस्पती आणि कुजता पाला टिपतो. मृगळाचे तोंड खाली, आणि त्याचे खाणे तळच्या गाळातले. लहानपणी मात्र तिघेही सूक्ष्म प्राण्यांवरच जगतात. वाटा वेगळ्या होतात त्या वाढीबरोबर. हे मासे वाहत्या पुरात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. म्हणून १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून प्रजनन साधल्यानंतरच त्यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले. तिघांची ही जोडणी मत्स्यशेतीच्या पुस्तकांत इतक्यांदा आली आहे, की तळे म्हणजे तीन मजली घर असा समज होतो. मूळच्या माशांचे वागणे त्या घरात मावत नाही.

या माशांत काळाची वाटणी थराइतकीच महत्त्वाची आहे. मागूर आणि शिंगी दिवसा गाळात, मुळांच्या आडोशाला पडून राहतात आणि अंधार पडला की तळावरचे किडे, अळ्या, गांडुळे शोधत फिरतात. दोघांनाही हवेतला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे उन्हाळ्याअखेरच्या कोमट, सडक्या पाण्यात इतर मासे तडफडत असताना हे टिकून असतात. शिंगीच्या कल्ल्यांमागच्या काट्यात विष असते. गाळात हात घालून मासे चाचपणाऱ्याला त्याची ओळख लवकर होते.

मरळ मात्र दबा धरणारी आहे. वनस्पतींच्या कडेला ती निश्चल उभी राहते आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की झडप घालते. तिचाही आहार वयानुसार बदलतो: आधी सूक्ष्म प्राणी, मग कीटक, शेवटी मासे. पावसाळ्यात उथळ पाण्यावर हातभर रुंदीचा तांबूस ठिपका उकळत्यासारखा हलताना दिसतो. तो मरळीच्या पिलांचा थवा असतो. पिले हवा घ्यायला वर येतात, आणि खाली राखणीला आईबाप असतात. पिलांच्या जवळ काही आले तर ते त्यावर धावून जातात.

वावराचा मोठा हंगाम पहिल्या जोरदार पावसाचा. सांडव्यावरून आणि नाल्यांतून पाणी वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात; मराठीत त्यांना चढणीचे मासे म्हणतात. मरळ आणि मागूर तळ्यातून धानाच्या बांध्यांत शिरतात, ओल्या धुऱ्यावरूनही सरपटत पलीकडे जातात. बांधीत पाणी वीतभरच, पण कोमट, किड्यांनी भरलेले आणि मोठ्या शिकाऱ्यांपासून मोकळे असते. धान निसवून पाणी उतरू लागले की परतीची वाट सुरू होते. मासे धरणाऱ्या ढिवरांना हे ठाऊक असते: चढत्या माशासाठी बांबूच्या सापळ्याचे तोंड उताराकडे, उतरत्यासाठी चढाकडे. सोडलेल्या रोहू-कटल्याला बांधीत काम नसते. पण तळे ओसंडले की तेही प्रवाहाबरोबर निघून जातात, म्हणून सांडव्यावर जाळी लावावी लागते.

नदीत उन्हाळा हीच कसोटी. धार आटून डोह तुटक उरतात. दगडांच्या सांदीत राहणारी बाम रात्री किडे टिपते, शिवडा रात्रीच इतर माशांवर तुटून पडतो. अशा कोंडीत सगळे एकाच खाद्यावर येतील असे वाटते. पण पनामातील ओढ्यांवर झॅरेट आणि रँड या संशोधकांनी १९७१ साली नेमके उलटे नोंदवले: खाद्य टंचाईच्या कोरड्या काळात माशांच्या आहारांतील साम्य कमी होते, प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या खाद्याकडे वळते.

एकाच जातीतही असे गट पडू शकतात. आइसलंडच्या थिंगव्हालावात्न सरोवरात आर्क्टिक चार या माशाची चार रूपे एकत्र राहतात; काही तळावरच्या गोगलगायींवर, काही खुल्या पाण्यातल्या प्लवकांवर, एक इतर माशांवर. त्यामागे शेवटच्या हिमयुगानंतरची सुमारे दहा हजार वर्षे आणि बंदिस्त पाणी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतली तळी मात्र दर पावसाळ्यात एकमेकांना जोडली जातात आणि मासे मिसळतात. येथे अशा वेगळेपणाला मुरायला उसंतच मिळत नाही. येथील भेद प्रामुख्याने जातींचा आणि वयाचा.

ही घडी बिघडते ती दोन बाजूंनी. साधा कार्प तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो, गवत्या कार्प वनस्पती फस्त करतो. दोघांमुळे मरळीचा आडोसा जातो. बेशरमाची झुडपे उथळ कडा व्यापतात. दुसरीकडे नद्यांवरचे आडवे बांध चढणीची वाट अडवतात. गोदावरीच्या मुखाकडे १८५२ साली पुऱ्या झालेल्या धवळेश्वरमच्या बांधाने समुद्रातून चढणाऱ्या हिलशा माशाची वरची वाट अडली. प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्या खाली, सिरोंचा तालुक्यालगत, २०१९ साली मेडीगड्डा बंधारा उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले.