अतित कोण?

सप्टेंबर 1918चा पहिला आठवडा, श्रावणी अमावास्येची तिन्हीसांज. पुण्यातल्या एका वाड्याच्या माजघरात तुम्ही उभे आहात. तुम्ही कोणाला दिसत नाही, हे बरंच. दिसला असतात तर आधी पाय धुऊन यायला पिटाळलं असतं.

भिंतीवर पिठोरीचं चित्र, त्यात दाटीवाटीनं बसलेल्या चौसष्ट योगिनी. थोरल्या सुनेला सकाळपासून उपास आहे. खीर तिनंच ढवळली, पुऱ्याही तिनंच तळल्या. आईचा सण आणि राबायचं आईनंच, ही आपली जुनीच रीत. यंदा पावसानं दगा दिलाय, लढाईपायी महागाई भडकलीय. खीर पातळच झालीय.

सासूबाई कहाणी सांगतात: दरवर्षी याच दिवशी मूल दगावणारी, घराबाहेर काढलेली, रानात योगिनींकडून सगळी मुलं परत मिळवणारी बाई. ऐकणाऱ्या बायका मान वर करत नाहीत. त्या काळी जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेच्या आसपास वर्षाच्या आतच जात. या माजघरात कहाणीचा पहिला अर्धा भाग कोणाला नवा नाही.

सून पाटावर बसते, खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागं न बघता, वाण घ्यायला अतिथी कोण आलाय ते विचारते, "अतित कोण?"

"मी आहे," थोरला मागून म्हणतो आणि वाण घेतो. धाकट्याला अजून बोलता येत नाही; त्याच्या वतीनं आत्या बोलते. या घरात वाण फक्त मुलग्यांना. तरी मधली पोर परकर सावरत मागं जाऊन उभी राहते. "मी पण आहे, वहिनी!" सगळं घर आईला वहिनी म्हणतं, म्हणून तीही. आजी डोळे वटारते. सून हसू दाबते आणि आणखी एक पुरी डोक्यावर धरते.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. जूनमध्ये मुंबईला येऊन गेलेला इन्फ्लुएंझाचा ताप याच महिन्यात उलटणार आहे, आधीपेक्षा जहरी होऊन. देशभरात कोटीहून जास्त माणसं जातील. त्यांत विशी ते चाळिशीतली फार, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. अर्धपोटी राहून आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या त्याच. या व्रतात मुलांच्या आयुष्यासाठी मागणं आहे, आईच्या नाही.

सगळ्यांची पानं उठल्यावर सून जेवायला बसते. पातेलं रिकामं. सासूबाई फडताळातून झाकलेली वाटी काढून पुढं सरकवतात. "खा गं मुकाट्यानं. पोरांना देशील तर बघ."