फोटोत रडणारा पोरगा

परवा रात्री झोप येईना म्हणून ‘व्हिक्टिम’ पुन्हा पाहिला. १९६१ चा ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. सुरुवात अगदी पोलिसकथेसारखी. बॅरेट नावाच्या पोराने मालकाचे २३०० पौंड लाटलेत, पण पैसे गेले कुठे ते सांगायला तयार नाही. शेवटी कोठडीतच गळफास घेतो.

पैसे गेलेले असतात ब्लॅकमेल करणाऱ्यांच्या घशात. फार नावाच्या नामांकित बॅरिस्टरबरोबरचा त्याचा फोटो त्यांच्याकडे असतो. फोटोत काय, तर दोघं गाडीत बसलेत आणि पोरगा रडतोय. बस्स! एवढ्यावरून माणूस आयुष्यातून उठावा?

उठत होता, मंडळी. १८८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचे खासगीतले संबंधही गुन्हा होते. लोक त्या कायद्याला ब्लॅकमेलवाल्यांची सनदच म्हणायचे. तक्रार करायला जावं तर आधी आपणच आत! १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने हा गुन्हा काढून टाका म्हणून सांगितलं, तरी कायदा बदलायला १९६७ उजाडलं.

मला मात्र चटका लावते ती यातली प्रेमकथा. बॅरेट फोन करत राहतो. फारला वाटतं, हाही पैसे उकळणार. तो बोलतच नाही. पोरगा आपल्यालाच वाचवत होता हे कळतं तेव्हा तो गेलेला असतो. मग फार सगळी वकिली पणाला लावून गुन्हेगारांच्या मागे लागतो. बायकोपुढे खरं कबूल करतो.

फार झालेला डर्क बोगार्ड तेव्हाचा पोरीबाळींचा लाडका हीरो. तो स्वतः अँथनी फोरवुड या आपल्या मॅनेजरबरोबर कित्येक वर्षं एका घरात राहिला, पण त्या नात्याबद्दल जाहीरपणे कधी बोलला नाही.

आपलं ३७७ कलमही साहेबाचंच देणं, १८६० च्या दंडसंहितेतलं. सुप्रीम कोर्टाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. साहेबानंतर ५१ वर्षांनी!

आमच्या एका मामांकडे दर दिवाळीला त्यांचे एक मित्र फराळाला यायचे. मामांनी लग्न केलं नाही. त्यांचं नातं काय होतं, मी कधी विचारलं नाही. मामा गेले तेव्हा ते काका अंगणात एका कडेला उभे होते. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा कुठला कायदा आडवा आला होता?

सिनेमाच्या शेवटी फार तो फोटो जाळून टाकतो. आमच्या अल्बममध्ये त्या दोघांचा एकत्र असा फोटोच नाही.

असो. घरचे हे वाचतीलच. कुणाकडे असला, तर मला पाठवा.